वाया गेलेली उमज

"इंद्रधनुष्य गेलं हो आमचं. सासऱ्यांनी घालवलं."

मागच्या रांगेतली बाई शेजारणीच्या कानात कुरकुरत होती. पण तो कान पद्मजाच्या मानेपासून वीतभरच लांब होता, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं.

"घालवलं म्हंजे?"

"काल आभाळात दिसलं की. पोरगं गॅलरीत गेलं, आणि म्हाताऱ्यानं मागनं जाऊन सगळं सांगून टाकलं. थेंब काय, प्रकाश वाकतो काय, तांबडा वर का आणि जांभळा खाली का. पोराचे डोळे असे चमकले! मी स्वयंपाकघरातनं ओरडत येईस्तोवर खलास. प्रकाशाच्या प्रकरणातली सगळ्यात मोठी उमज, आणि पट्टी कुठं? तर चार्जिंगला."

"अगं बाई. मग?"

"मग काय. आमच्या ह्यांनी वडलांशी बोलणं टाकलंय."

पद्मजाला हसू फुटलं. तिनं ते पदराआड घेतलं आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. अभिनंदनला ऐकू गेलं नव्हतं. तो उजवा हात मांडीखाली दाबून ताठ बसला होता. वर्गात शिक्षा झालेला मुलगा बसतो तसा.

सांगलीतल्या त्या ज्युनिअर कॉलेजच्या हॉलमध्ये बारावीला प्रगत विषय घेतलेल्या मुलांच्या पालकांची जूनमधली सभा होती. पंखे फिरत होते, पालक घामाघूम होते, आणि मार्गदर्शक बुरसे सर माइकवर टिचकी मारून बघत होते.

हे उमजेचं प्रकरण काय, ते आधी सांगितलं पाहिजे. आपल्याला सांगायला बंदी नाही.

मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट बरीच वर्षं माहीत होती. माणूस एखाद्या कोड्याशी झटत असतो, सुटे तुकडे डोक्यात फिरत असतात, आणि अचानक 'अरे, हां!' होतं. त्याच्या किंचित आधी मेंदू जणू डोळे मिटून घेतो, बाहेरचं सगळं मंद करतो. मग उजव्या कानाच्या वरच्या अंगाला एक वेगवान लहर उसळते आणि तुकडे जुळतात. पाठ केलेलं आठवताना ही लहर येत नाही. दुसऱ्याचं उत्तर उतरवताना येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, एका गोष्टीची ती एकदाच येते. एकदा उमजलेली गोष्ट माणूस पुन्हा शंभर वेळा वाचेल, पण मेंदू तिला पाहुण्यासारखा दारात घ्यायला येत नाही. ती घरचीच झालेली असते.

पूर्वी ही लहर पकडायला खोलीभर यंत्र लागायचं. पुढं ते केसांच्या पट्टीत मावायला लागलं. नेमकी त्याच सुमारास मार्कांची पत गेली होती. उत्तरं लिहून देणारी यंत्रं इतकी शहाणी झाली की बारावीला सगळ्या राज्यालाच पैकीच्या पैकी पडायला लागले. कॉलेजांना कुणाला घ्यावं ते कळेना. मग त्यांनी मार्क सोडले आणि पट्टी धरली. मुलानं अकरावी-बारावीत प्रगत विषय किती घेतले आणि त्या वर्गात बसून त्याला खरोखर किती उमजलं, याचा आलेख मागायला सुरुवात केली. साध्या विषयातल्या उमजेला चिल्लर किंमत. प्रगत विषयातल्या उमजेवर प्रवेश.

कल्पना वाईट नव्हती, असं पद्मजाला आजही वाटायचं. पाठांतर मेलं, कॉपी मेली, क्लासवाल्यांचे फलक उतरले. पण मग लोकांच्या ध्यानात आलं की उमज ही एकदाच खर्चता येणारी वस्तू आहे. घरात, रस्त्यात, गॅलरीत, पट्टी नसताना उमजलं, तर ते वाया. त्या दिवसापासून गावोगावचे शहाणे लोक आपापल्या पोरांपुढं गप्प बसायला लागले. उतरलेले फलक परत चढले, या वेळी 'राखण वर्ग' म्हणून. 'आमच्याकडे तुमच्या पाल्याला वेळेआधी काहीही कळणार नाही, याची हमी.' मुलांच्या फोनवर राखण बसली. अभ्यासक्रमातलं काहीही शोधलं की पडद्यावर हसरा हत्ती यायचा आणि म्हणायचा, 'थांब! हे तुला वर्गात उमजणार आहे!'

"एक शेवटचा मुद्दा," बुरसे सर माइकमध्ये म्हणाले. "घरची सवलत. काही गोष्टी मुलांच्या रोज डोळ्यांसमोर असतात. कुणाचा व्यवसाय असतो, कुणाच्या घरात आजार असतो. अशा मुलाला ते प्रकरण आधीच उमजलेलं असणार, आलेख सपाट येणार. त्या प्रकरणापुरती त्याला सूट मिळते, नुकसान होत नाही. पण ते आधी सांगायचं. प्रकरण सुरू झाल्यावर सांगितलेलं प्रवेश समिती सबब धरते. तर कुणाचं असं काही असेल, तर हात वर करा."

"आमच्यात शुगर आहे सर," एक बाई उभ्या राहिल्या. "सासूबाईंना इन्सुलिन नातच टोचते."

"आमचा चष्म्याच्या काचांचा धंदा."

"सर, घरात आजोबा असले तर मिळते का सूट?" इंद्रधनुष्यवालीनं विचारलं, आणि सगळा हॉल हसला.

त्या हसण्यात अभिनंदनचा हात मांडीखालून सुटला. तो खांद्यापर्यंत आला, कानापर्यंत आला, बोटं हवेत काहीतरी चाचपत असल्यासारखी हलली. पद्मजानं झटकन तो धरला, खाली आणला आणि आपल्या मांडीवर दोन्ही हातांत घट्ट दाबून ठेवला.

"लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी बघ," मागची बाई शेजारणीला म्हणाली. "नाहीतर आमचे."

बुरसे सरांनी हॉलभर नजर फिरवली. "अजून कुणी? नाही? ठीक आहे."

*

अभिनंदन मगदूमला हंटिंग्टन होता. हा मेंदूचा आजार आहे. तो चाळिशीच्या आसपास हळूच येतो. आधी एखादं बोट आपल्या मनानं हलतं, मग हात, मग पाय. पुढं बोलणं जड होतं, राग अनावर होतो, विसर पडतो. तो एकाच बिघडलेल्या जनुकातून येतो, आणि आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडं असला तरी प्रत्येक मुलामागं नाणं उडवल्यासारखं असतं. छाप की काटा. मंदावणारी औषधं निघाली होती, थांबवणारं अजून नव्हतं. मिरजेच्या डॉक्टरांनी हे सगळं नीट समजावून सांगितलं तेव्हा पद्मजाला त्यातलं पहिलंच वाक्य ऐकू आलं होतं. बाकीचं तिनं दुकानात बसून औषधांच्या पुस्तकातनं वाचलं. बी.कॉम. झालेली बाई, पण नवऱ्याचं मेडिकल सांभाळता सांभाळता तिनं अर्धं शास्त्र स्वतःच स्वतःला शिकवलं होतं.

गावात सांगितलं नाही. ज्याचे हात थरथरतात त्याच्याकडून गोळ्या कोण घेणार? लोक म्हणायला लागले, मगदूम प्यायला लागला. पद्मजानं ते म्हणू दिलं. पिणारा माणूस सुधारू शकतो, अशी लोकांना आशा असते. कुणी काउंटरवर हळूच म्हणायचं, "वहिनी, माझ्या मेव्हण्याची एका ठिकाणी सुटली बघा," आणि ती पत्ता ऐकून घ्यायची.

आणि उजू. ऊर्जिता हे कागदावरचं नाव, पण ते शाळेबाहेर कुणी वापरलं नव्हतं. उजू लहान असताना प्रश्न विचारायची आणि पद्मजा उत्तर द्यायची. दूध का नासतं, आरशात उजवं-डावं उलटं मग वर-खाली का नाही, मांजराचे डोळे का चमकतात. ठाऊक नसलं तर दोघी मिळून शोधायच्या. मायलेकींचं नातंच त्यावर उभं होतं म्हणा ना. दुसऱ्या बायका लेकींना साड्या दाखवतात, ही कुकरची शिट्टी उघडून दाखवायची.

प्रगत जीवशास्त्र घेतल्यापासून ते सगळं बंद झालं. उजूला पुण्याच्या एका संस्थेत जायचं होतं, मेंदूविज्ञानाला. थोड्याच जागा, आणि अट अशी की प्रगत जीवशास्त्रातल्या एकाही प्रकरणाचा आलेख सपाट नको. त्यामुळं घरात तोंड सांभाळून बोलायची सवय लागली.

"मम्मी, डोशाच्या पिठाला..."

"ते तुला दिवाळीनंतर आहे."

"मी मीठ घालू का विचारत होते."

"हां. घाल."

मग दोघी हसायच्या, आणि हसून झालं की बोलायला काही उरायचं नाही. पद्मजाला वाटायचं, आपण लेकीला जेवायला वाढणं बंद केलंय, कारण बाहेर कुणीतरी तिची भूक मोजणार आहे.

एक गोष्ट मात्र तिला नशिबाची वाटायची. जगातल्या यच्चयावत गोष्टींबद्दल विचारणाऱ्या उजूनं पप्पांच्या हाताबद्दल कधीच विचारलं नव्हतं. "नसांची कमजोरी," असं पद्मजानं एकदा न विचारताच सांगून टाकलं होतं, आणि पोरीनं मान हलवली होती. विषय तिथंच मिटला. घरातले काचेचे पेले कधी जाऊन जड बुडाचे स्टीलचे आले, दारातलं पायपुसणं कधी उचललं गेलं, हेही पद्मजाच्या नीट ध्यानात नव्हतं. अभिनंदननंच केलं असेल, असं ती धरून चालली होती. तो तसा अभिमानी होता.

*

आनुवंशिकतेचं प्रकरण तोंडावर आलं, तेव्हा ती बुरसे सरांकडं गेली. त्या प्रकरणात कुटुंबवृक्ष काढायला शिकवतात. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, काळं केलेलं म्हणजे आजारी. आणि उदाहरण म्हणून जो आजार घेतात तो हाच. पाठ्यपुस्तकाला याच्याइतका सुबक दुसरा सापडत नाही.

"हे एक प्रकरण तिला गाळता येईल का?"

"येईल की. पण मग पुणं गाळावं लागेल." बुरसे सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी पंख्याचा वेग कमी केला, म्हणजे तिला मोठ्यानं बोलावं लागू नये. "मॅडम, मुलीचा आलेख बघून मी शिक्षकांना दाखवतो. इतकी जिवंत उमज क्वचित दिसते. काही अडचण आहे का? सवलतीचं काही असेल तर अजून वेळ आहे. प्रकरण पुढच्या सोमवारी सुरू होतंय. डॉक्टरांचा दाखला आणा, मी समितीला पाठवतो."

समितीला, म्हणजे पुण्याला. म्हणजे ज्या संस्थेत उजूला जायचं, तिच्याच टेबलावर हा कागद पडणार की या मुलीच्या बापाला अमुक आहे. आणि कागद वाचणारे मेंदूवालेच. त्यांना पुढचं गणित कुणी शिकवायला नको. दाराबाहेर इंद्रधनुष्यवाली बाई नंबर लावून बसली होती. ती रोज दुकानावरून जायची.

"नाही सर," पद्मजा म्हणाली. "असंच आपलं. पोरीवर ताण येतोय म्हणून."

घरी जाताना तिनं स्कूटर दोनदा वळवली आणि दोनदा पुन्हा घराच्या रस्त्याला लावली.

आता दोनच गोष्टी उरल्या होत्या. सोमवारच्या आधी आपण उजूला सांगायचं. मग तिची उमज घरात होणार, आलेख सपाट येणार आणि पुणं जाणार. नाहीतर गप्प बसायचं; मग भर वर्गात, पट्टी लावून, फळ्यावरच्या काळ्या चौकोनाकडं बघता बघता पोरीला आपला बाप दिसणार. आणि त्याच्याखालचं, अजून न रंगवलेलं वर्तुळ. तेव्हा तिच्या उजव्या कानावर जी लहर उसळेल ती वर्षातली सगळ्यात उंच असेल, आणि बुरसे सर ती शिक्षकांना दाखवतील.

"तुम्हाला काय वाटतं?" तिनं अभिनंदनला विचारलं.

हल्ली शब्द गोळा करायला त्याला वेळ लागायचा. "तू... ठरव," तो म्हणाला. मग चिडून म्हणाला, "तूच तर ठरवतेस."

*

रविवारी सकाळी उजूच्या डोक्याला तेल लावायचं असायचं. तेल पट्टीच्या बटणांना चालत नाही, म्हणून हा एकच वार. उजू खाली पाटावर बसली, पद्मजा मागं खुर्चीवर. खोबरेल कोमट होतं. बाहेर अभिनंदन पेपर वाचत होता, आणि त्याच्या हातातल्या पेपरचा फडफड आवाज घरभर येत होता. वारा नव्हता.

"उजू."

"हं."

"तुला एक सांगायचंय. पप्पांचं."

बोटांखाली मान ताठ झाली. ती इतकी अलगद झाली की तेल लावणाऱ्या हातालाच कळावं.

"अभ्यासक्रमातलं आहे?" उजूनं विचारलं.

पद्मजाला खोटं बोलता येईना. "हो."

"मग नको."

"अगं, ऐक तर..."

"मम्मी, वाया जाईल."

"गेलं तर जाऊ दे. पुणं काय, दुसरं कॉलेज..."

"मम्मी." उजूनं मागं न बघता वर हात नेला, आईचा तेलकट हात धरला आणि परत आपल्या डोक्यावर ठेवला. "नको सांगूस ना. चोळ तू."

पद्मजा तेल चोळत राहिली. तिला राग आला, असल्या जगाचा, असल्या पट्टीचा, आणि पोरीचासुद्धा. बापाचं नाव काढलं तरी हिला आलेख आठवतो. आणि त्या रागाच्या तळाशी, कबूल करायला लाज वाटेल असं, थोडंसं हायसंही वाटलं. आपण सांगायला गेलो होतो. तिनंच ऐकलं नाही.

बाहेर पेपरचा आवाज थांबला होता.

*

सोमवार गेला. मंगळवार, बुधवार गेला. उजू रोज वेळेवर घरी यायची, पट्टी काढून चार्जिंगला लावायची, जेवायची. पद्मजा तिच्या चेहऱ्यावर शोधायची. रडलेले डोळे, वेगळी नजर, काही. चेहरा जसाच्या तसा. अजून तिथवर आले नसतील, असं ती मनाशी म्हणायची.

पुढच्या आठवड्यात दुपारी दुकानात फोन वाजला. गिऱ्हाईक नव्हतं. खोकल्याच्या बाटल्यांवर ऊन पडलं होतं.

"मॅडम, हे काय केलंत तुम्ही?" बुरसे सर होते. ते रागावले नव्हते, आणि तेच जास्त वाईट होतं. "घरगळती लागलीये ऊर्जिताला."

"म्हणजे?"

"आनुवंशिकतेचं प्रकरण संपलं आज. आलेख आलाय. सपाट. एक लहर नाही. कुटुंबवृक्ष, जनुकं, सगळं तिनं बरोबर सोडवलं, वर्गात सगळ्यांच्या आधी. पण उमज शून्य. म्हणजे तिला हे आधीच माहीत होतं. कुणीतरी घरी शिकवलंय."

"आम्ही नाही शिकवलं, सर."

"मॅडम, पट्टी खोटं बोलत नाही."

"महावीरांची शपथ. आम्ही तिला एक अक्षर सांगितलेलं नाही." आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडता पडताच पद्मजाला आपल्या आवाजातला अभिमान ऐकू आला. आपण किती नेटानं गप्प बसलो, त्याचा अभिमान.

"मग कुठं उमजलं तिला?" बुरसे सर म्हणाले. "फोनवर राखण आहे. पुस्तक सीलबंद आहे. आभाळातनं पडलं?"

जड बुडाचे पेले. दारातलं पायपुसणं. जिन्याच्या कठड्याला गुंडाळलेली सुतळी, जी आपण बांधली नव्हती. जगातलं सगळं विचारून एवढंच कधी न विचारणारी पोर. ताठ झालेली मान. चोळ तू.

त्या घडीला पद्मजाच्या उजव्या कानावर काय झालं ते सांगता येत नाही. तिथं पट्टी नव्हती.

"सर," तिनं मोठ्या कष्टानं म्हटलं. "ती घरची सवलत. आता नाही का..."

मग बुरसे सरांचा आवाज एकदम मऊ झाला. "म्हणजे घरात आहे?"

तिनं काउंटरवरची बिलं एकावर एक लावली.

"जूनमध्ये मी विचारलं होतं, मॅडम. तुम्ही आला होतात तेव्हाही विचारलं. आता मी लिहीन, जरूर लिहीन. पण समिती काय म्हणेल ते तुम्हालाही ठाऊक आहे." त्यांनी घसा साफ केला. "पुणं गेलं, असंच धरून चाला."

*

तिनं दुकानाचं शटर भर दुपारी ओढलं. मगदूम मेडिकल दुपारी बंद, म्हणजे गावाला संध्याकाळपर्यंत पुरेल इतकं बोलायला झालं.

घरी उजू आधीच आली होती. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बापलेक बसले होते. अभिनंदनच्या पुढ्यात चहा होता, अर्धाच पेला, वर झाकण, झाकणाला भोक पाडून घातलेली नळी. हे भोकही पद्मजानं पाडलं नव्हतं. पट्टी टेबलावर पडली होती.

"सरांचा फोन आला होता ना?" उजू म्हणाली. "मला पण बोलावलं होतं त्यांनी."

पद्मजा उभीच राहिली. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"उजू."

पोरीनं टेबलावरचा चहाचा थेंब बोटानं लांबवला. "मयूरकाकाच्या लग्नात. दहावीच्या सुट्टीत. आजीच्या माहेरची सगळी माणसं जेवायला बसली होती आणि नाचरे अण्णांची गोष्ट चालली होती."

नाचरे अण्णा म्हणजे अभिनंदनच्या आईचे वडील. म्हातारपणी बसल्या जागी नाचायचे, आरतीत नाचायचे, मंदिराच्या पायरीवर नाचायचे. घराण्याचा जुना विनोद होता तो. प्रत्येक लग्नात कुणीतरी उठून त्यांची नक्कल करायचं.

"बाळूआप्पा नक्कल करत होते. असा हात, असा खांदा. सगळे हसत होते. मी पण हसत होते. मग मी खाली बघितलं, तर टेबलाखाली पप्पांचा पाय अगदी तसाच..." उजू थांबली. "आणि मला आजीचा व्हिडिओ आठवला. तुमच्या लग्नातला. त्यात ती हार घालताना हात असा करते ना? अण्णा, आजी, पप्पा. सरळ रेघ, मम्मी. कुणाला चुकवत नाही. तेव्हा राखण नव्हती माझ्या फोनवर. मी तिथंच, हात धुवायच्या नळाशी उभं राहून सगळं वाचून काढलं. आणि मग आईस्क्रीम खाल्लं." ती जराशी हसली. "सर म्हणतात माझी उमज जिवंत आहे. ती बघायला पाहिजे होती त्यांनी."

"मग रविवारी का नाही..." पद्मजा म्हणाली. "मी सांगत होते तेव्हा. तुला माहीत होतं तर मला का गप्प केलंस?"

"तुझा हात कापत होता गं. मला वाटलं, पप्पांचाच आहे."

अभिनंदनचा पाय टेबलाच्या पायावर ठोके देत होता, आणि आज तो कुणी थांबवायला गेलं नाही.

"पद्मा," तो म्हणाला. जिभेवर शब्द जड झाले होते, पण तो एकेक उचलून ठेवत राहिला. "जूनमध्ये. हॉलमध्ये. हात... वर गेला होता माझा."

"हो. मी धरला."

"तो आपोआप... नव्हता गेला." त्यानं श्वास घेतला. "मी केला होता."

पद्मजा खुर्चीत बसली. तिला तो हात आठवला, तिच्या दोन्ही हातांत दाबलेला, आणि मागच्या बाईचं ते हळूच बोलणं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, आणि तो तिच्याकडं पाहत नव्हता. झाकणाच्या भोकातून नळी सुटली होती, आणि तो ती पुन्हा आत घालायची खटपट करत होता. नळी भोकाभोवती फिरत राहिली. उजूनं मदत केली नाही. फक्त पेला स्थिर धरून ठेवला.

"मम्मी," ती पेल्याकडंच बघत म्हणाली. "पुणं गेलं ना?"

"गेलं."

"बरं." तिनं मान हलवली, बापासारखीच, एक झटका देऊन, आणि पद्मजा त्या मानेकडं बघत राहिली. तसा झटका कुणीही देतं. कुठल्याही पोरी देतात. "मग आता सांग ना."

"काय सांगू? तुला सगळं माहीतच आहे की."

"माहीत आहे. पण कुणी सांगितलं नाहीये." आता उजूचा आवाज लहान झाला, आई कुकरची शिट्टी उघडून दाखवायची त्या वयातला. "दीड वर्ष मी एकटीच मनात म्हणतेय ते. मोठ्यानं कसं ऐकू येतं, मला माहीतच नाही. तू सांग. पहिल्यासारखं सांग."

पद्मजानं टेबलावरची पट्टी उचलून बाजूला फ्रीजवर ठेवली. पदरानं हात पुसले, कोरडे होते तरी पुसले. मग एक हात तिनं नवऱ्याच्या हलत्या हातावर ठेवला. या वेळी दाबला नाही, नुसता ठेवला, आणि दोन्ही हात मिळून हलू लागले.

"हे बघ, उजू," ती म्हणाली. "पप्पांना जे झालंय, त्याला हंटिंग्टन म्हणतात. ते बरं होत नाही. आणि ते तुलाही होऊ शकतं."